लगेच उठलास म्हणून बरा झालास असं नाही भावा

पत्र:

"दादा, मी 22 वर्षांचा आहे, कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. आठवीपासून तालमीत होतो, दोन वर्षं झाली कुस्ती सोडून किकबॉक्सिंग करतोय. गेल्या शनिवारी स्पारिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, हनुवटीवर हुक (बाजूनं येणारा ठोसा) बसला आणि मी खाली गेलो. पोरं म्हणतात पाच-सहा सेकंद गेला होतास, मला ते आठवतच नाही. तोंडावर पाणी मारलं, उठलो, राऊंड पूर्ण केला आणि बाईकवरून घरी आलो. रविवारी सकाळी उलटी झाली म्हणून मित्रानं दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन काढला, नॉर्मल आला. बुधवारी पंचिंग बॅगवर गेलो तर दोन मिनिटांत डोकं ठणकायला लागलं. शिरोलीला फाउंड्रीत फेटलिंगला (ओतलेले तुकडे घासून साफ करायच्या कामाला) आहे, तिथं ग्राइंडरचा आवाज सहन होईना झालाय. तीन आठवड्यांनी स्पर्धा आहे, तीन किलो वजन पण उतरवायचंय. घरी काही सांगितलं नाही. सर म्हणतात दोन दिवस रेस्ट घे आणि ये. लवकर रिकव्हर कसं व्हायचं ते सांगा. माझी हनुवटीच कच्ची आहे का? आणि परत असं होऊ नये म्हणून काय करू?"

उत्तर:

भावा, आधी स्पर्धेचंच बोलतो, नाहीतर बाकी सगळं वाचताना तुझं मन तिकडंच अडकून राहील. ही स्पर्धा तू खेळायची नाहीस. वजन उतरवायचं नाही, नाव मागं घ्यायचं, आजच. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोक्यावरच्या मारानं नॉकआऊट झालेल्याला किमान 30 दिवस सक्तीची सुट्टी असते, त्यात स्पर्धा तर नाहीच पण स्पारिंगसुद्धा नाही, बेशुद्ध झाला असेल तर त्याहून जास्त, तीन महिन्यांत दोनदा झालं तर 90 दिवस आणि वर्षात तीनदा झालं तर पूर्ण वर्ष बंद. हे नियम घाबरट माणसांनी केलेले नाहीत, आयुष्य रिंगमध्ये घालवलेल्या लोकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी केलेत. तू पाच-सहा सेकंद गेला होतास, दुसऱ्या दिवशी उलटी झाली, चौथ्या दिवशी बॅगवर डोकं ठणकलं. यात दोन दिवसांच्या रेस्टचा हिशोब कुठंच बसत नाही.

आता पुढचं नीट वाच आणि तुझ्या त्या मित्रालाही वाचायला दे. डोकेदुखी कमी न होता वाढत चालली, परत उलट्या सुरू झाल्या, बोलताना जीभ जड व्हायला लागली, एका बाजूचा हात किंवा पाय ढिला वाटला, डोळ्यांतल्या बाहुल्या एक लहान एक मोठी दिसल्या, फिट आली, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं काही यायला लागलं, मान जोरात दुखतेय, किंवा तू झोपलास आणि हलवून पण नीट जागा होईनास, यातलं एक जरी झालं तरी सकाळची वाट बघायची नाही. 108 ला फोन करायचा नाहीतर सरळ सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात जायचं, आणि आधीचा सीटी नॉर्मल होता म्हणून गप्प बसायचं नाही. यातलं काही नसेल तरी या आठवड्यात एकदा मेंदूच्या डॉक्टरांना, म्हणजे न्यूरोच्या माणसाला दाखव, कारण तुला उलटी झालीय आणि चार-पाच दिवसांनी पण त्रास आहे. दाखवताना "जरा लागलंय" असं सांगू नको. किती सेकंद गेलो, काय आठवत नाही, कशानं दुखतं, कामाला कुठं आहे, सगळं सांग.

सीटीचं एक समजून घे. सीटीमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलंय का दिसतं, आणि तुझा नॉर्मल आला ही खरंच चांगली गोष्ट आहे. पण तुला जे झालंय त्याला कन्कशन म्हणतात आणि ते सीटीमध्ये दिसतच नाही. तुझ्या भाषेत सांगतो. नट घट्ट बसला असला की आपण पान्याचा दांडा टोकाला धरतो, तिथून थोडा जोर लावला तरी नट फिरतो. हनुवटी म्हणजे त्या दांड्याचं टोक. हुक तिथं बसला की डोकं झटकन फिरतं, आतला मेंदू मऊ असतो, तो कवटीबरोबर तितक्या चटकन फिरत नाही, मागं राहतो आणि आतले बारीक तंतू ताणले जातात, पिळले जातात. जागं ठेवणारी यंत्रणा क्षणभर बंद पडते म्हणून माणूस खाली जातो. मग पेशींच्या आतले क्षार बाहेर, बाहेरचे आत असा गोंधळ होतो आणि तो निस्तरायला मेंदूला नेहमीपेक्षा जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच दिवसांत मेंदूला रक्तपुरवठा कमी झालेला असतो. म्हणजे काम डबल आणि डिझेल निम्मं. बुधवारी बॅगवर दोन मिनिटांत डोकं ठणकलं ते म्हणूनच, तुझा स्टॅमिना गेला म्हणून नाही.

आणि हीच गोष्ट आपल्या तालमीतल्या पोरांना पटायला अवघड जाते. कारण मातीत आपण काय शिकलो? पाठ लागली, कुस्ती संपली, उठ, अंगावरची माती झटक, वस्तादांच्या पाया पड आणि पुढच्या जोडीला उभा रहा. जो लगेच उठतो तो पैलवान. ते बरोबरच होतं, कारण पाठ लागल्यानं पाठीला काही होत नाही, लाल माती भुसभुशीत असते, तेल-ताक घालून मळलेली असते. पण डोक्याला तो हिशोब लागू होत नाही भावा. तू सहा सेकंदांत उठलास म्हणजे फक्त शुद्ध आली, मेंदू बरा व्हायला तिथून सुरुवात झाली.

आपल्याला सगळ्यात जास्त भ्यायचं असतं ते दुसऱ्या माराला. पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला, अगदी हलका का असेना, तर क्वचित कधी मेंदूला झपाट्यानं सूज येते आणि तरणी पोरं त्यातून वाचत नाहीत. क्वचितच होतं, पण झालं की सावरायला वेळ मिळत नाही. आणि तेवढं टोकाचं नाही झालं तरी दुसऱ्या मारानं दोन आठवड्यांचं दुखणं सहज काही महिन्यांवर जातं.

हे मी ऐकीव सांगत नाही. 26 वर्षांचा असताना दुसऱ्या एका शहरात कॅम्पला गेलो होतो, तिथं खाली गेलो आणि सहाव्या दिवशी परत ग्लोव्ह्ज चढवले, कारण तिथल्या ट्रेनरनं विचारलं "ठीक आहेस ना" आणि मी हो म्हणालो. दुसऱ्या राऊंडला साधा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, लागला, लहान पोराला चापट मारावी तेवढा, आणि माझे गुडघे गेले. नंतरचे पाच महिने कसे काढले माझं मला माहीत. एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो, हातात किटली, समोर म्हशी उभ्या, धार काढायचा आवाज येतोय, लोक फेसाळलेला ग्लास तोंडाला लावतायत, आणि मी किटली धरून उभा, मला आठवेना मी इथं कशाला आलोय. ओळखीच्या गवळ्यानं दोनदा विचारलं किती देऊ, मी नुसता बघत राहिलो. त्यानं किटली हातातून घेतली, भरली आणि माझ्याबरोबर एक पोरगं घरापर्यंत पाठवलं. घरी आईनं दार उघडलं आणि मी पहिल्यांदा तिला खरं सांगितलं. तोपर्यंत दीड महिना मी लपवत होतो, तू लपवतोयस तसंच.

आता रिकव्हरीचं. पहिले एक-दोन दिवस खरा आराम असतो, म्हणजे घरातल्या घरात हिंडणं-फिरणं, झोप, साधं जेवण. ते दिवस तुझे हुकले, त्याचं आता वाईट वाटून घेऊ नको. पूर्वी सांगायचे अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून रहा, आता तसं सांगत नाहीत. 2022 ला ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर जगभरचे डॉक्टर जमले होते, त्यांनी जे ठरवलं त्यात पण हेच आहे की एक-दोन दिवसांतच हलकी हालचाल सुरू केलेलीच बरी, फक्त त्रासाकडे लक्ष ठेवून. मोबाईल मात्र कमी कर. 2021 मध्ये एक अभ्यास झाला होता, 12 ते 25 वयाच्या मुलांचा, त्यात पहिले 48 तास स्क्रीन बंद ठेवणाऱ्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत गेला आणि स्क्रीन चालू ठेवणाऱ्यांना आठ दिवस लागले. तुझे 48 तास होऊन गेलेत, तरी रात्री अंधारात रील्स बघत पडणं आत्ता नको. आणि तो तुझ्या नॉकआऊटचा व्हिडिओ कुणीतरी काढलाच असेल, तो आत्ता परत परत बघू नको, नंतर उपयोगाला येईल, खाली सांगतो कसा.

झोप भरपूर घे. डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही असं घरोघरी म्हणतात. पहिल्या काही तासांत कुणीतरी शेजारी असावं, अधूनमधून उठवून बघावं, हे खरं, पण त्यानंतर झोप हेच औषध आहे. गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. मेडिकलमधून कुठलीही पेनकिलर आणून ढोसू नको, पहिल्या दिवसांत रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तर नकोच नको, आणि गोळीनं डोकेदुखी झाकून ट्रेनिंग करणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. दारू बंद, बीअर पण.

मग चालणं. सकाळी उन्हाच्या आधी रंकाळ्यावर जा, सपाट आहे, हवा आहे, एकटा नको, कुणाला तरी घेऊन जा. वीस मिनिटं, बोलता येईल एवढ्या वेगानं. चालायच्या आधी डोकेदुखीला दहापैकी मार्क दे. चालताना दोन मार्कांपर्यंत वाढली आणि तासाभराच्या आत परत खाली आली तर चालेल, त्याहून जास्त वाढली तर त्या दिवसापुरतं तिथंच थांबायचं आणि उद्या कमी चालायचं. हे जमलं की स्टॅटिक सायकल, घाम येईल इतपत. मग शॅडो, म्हणजे हवेत ठोसे, पण हळू, डोकं झटकायचं नाही, स्लिप आणि वीव्ह, म्हणजे डोकं हलवून ठोसा चुकवणं, ते नंतर. प्रत्येक पायरीला कमीत कमी एक पूर्ण दिवस द्यायचा आणि माझ्या मते तुला दोन-दोन दिवस द्यावेत. तालमीची सवय म्हणून जोर-सपाट्या काढशील, तर ते आत्ता अजिबात नको, त्यात डोकं खाली जातं वर येतं, श्वास कोंडतो, आणि मानेवरचा पूल तर विचारूच नको. बॅग पण उशिरा, कारण बॅगवर मारलेला प्रत्येक ठोसा थोडा आपल्याच डोक्यात परत येतो.

सरांनी धरलेल्या पॅड्सवर मारायच्या आधी एक अट, सगळा त्रास पूर्ण गेलेला पाहिजे, म्हणजे डोकेदुखी नाही, उजेड-आवाजाचा त्रास नाही, झोप नीट, चिडचिड नाही, आणि डॉक्टरांनी हो म्हटलेलं पाहिजे. सरांना सांग पॅड धरताना डोक्यावर टपली मारायची नाही, बऱ्याच सरांची ती सवय असते, गार्ड पडला की पॅडनंच मारतात. त्यानंतर फक्त बॉडी स्पारिंग, आणि डोक्याचं स्पारिंग सगळ्यात शेवटी. मोठ्या माणसांचा त्रास बहुतेक वेळा 10 ते 14 दिवसांत जातो, पण त्रास गेला म्हणजे मेंदू पूर्ण जागेवर आला असं नसतं, म्हणून ते 30 दिवस तर कमीत कमी धरच, आणि तू बेशुद्ध झाला होतास म्हणून त्याहून जास्त. महिना झाला तरी दुखत असेल तर परत डॉक्टर, लाजायचं नाही.

कामाचं तू एका ओळीत लिहिलंस पण मला त्याचीच जास्त काळजी वाटली. फेटलिंगचा आवाज, धूळ, उष्णता, हातात फिरता ग्राइंडर, आणि कन्कशननंतर माणसाची रिॲक्शन थोडी मंद झालेली असते, त्याचं त्याला कळत पण नाही. तिथं अर्ध्या सेकंदाचा उशीर म्हणजे बोट. सुपरवायझरला सांग, डॉक्टरांची चिठ्ठी दे, दोन आठवडे सुट्टी जमत नसेल तर स्टोअरला किंवा तपासणीला बसव म्हण. नाईट शिफ्ट तर टाळच. आणि हायवेवरून शिरोलीला बाईक चालवत जाणं आत्ता बंद, कुणाच्या तरी मागं बस नाहीतर कंपनीच्या गाडीनं जा.

आता हनुवटी. कच्ची हनुवटी असं काही तपासून सांगता येत नाही, आणि मार खाऊन ती पक्की होत नाही, हे मात्र नक्की. नडगी मार खाऊन कठीण होते, हाताची कातडी राठ होते, मेंदू मात्र प्रत्येक माराबरोबर थोडा हळवाच होत जातो. एकदा नॉकआऊट झालेल्याला परत व्हायचा धोका जास्त असतो. आणि नुसते नॉकआऊट मोजून उपयोग नाही. 1928 साली मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं बॉक्सर लोकांची अडखळती चाल, जड जीभ, मंद बुद्धी यावर पहिल्यांदा लिहिलं, तेव्हापासून जे कळत गेलंय ते हेच की वर्षानुवर्षं बसलेले हजारो छोटे ठोसे, ज्यांनी माणूस खाली पण जात नाही, त्यांची बेरीज महत्त्वाची असते. आणि ते ठोसे स्पर्धेत कमी बसतात, रोजच्या जिममध्ये जास्त. स्पर्धा वर्षात चार असतील, स्पारिंगचे राऊंड किती झाले मोज बरं.

हेडगार्ड घातला होता का ते तू लिहिलं नाहीस, पण घातला असशील तरी सांगतो, त्यानं भुवई फुटत नाही, कान वाचतात, डोक्यावर डोकं आपटलं तर उपयोग होतो. डोकं झटकन फिरणं त्यानं थांबत नाही. 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं मोठ्या पुरुषांच्या बॉक्सिंगमधून हेडगार्ड काढूनच टाकला आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला पुरुष त्याच्याशिवायच खेळले. तू स्पारिंगला घाल, पण तो घातलाय म्हणून मार खाऊ नको. माउथगार्ड दात वाचवतो, तो पाहिजेच, तापवून नीट बसवलेला. ग्लोव्ह्ज 16 औंसचे, आणि आतला स्पंज बसलाय का ते अंगठ्यानं दाबून बघ. जिममध्ये सामाईक ठेवलेले ग्लोव्ह्ज बहुतेक वेळा मुठीवर चपटे झालेले असतात, नावाला 16 औंस. आणि खाली काय आहे ते बघ. फरशीवर पातळ मॅट टाकून स्पारिंग चालत असेल तर मला ते ठोशापेक्षा भीतीदायक वाटतं. तुला पडता येतं, लहानपणापासून पडतोयस, पण शुद्ध गेलेल्या माणसाला पडता येत नाही, त्याचं डोकं सरळ खाली आपटतं.

तू कुस्तीतून आलायस, तर तुझं चुकतंय काय ते न बघता पण थोडंफार सांगू शकतो, कारण तालमीतून आलेली माझी दहापैकी आठ पोरं हीच चूक करतात. मातीत आपण डोकं पुढं घालून उभे राहतो, कपाळ समोरच्याच्या खांद्याला भिडवतो, हात खाली आणि पुढं, पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, तयार, नजर समोरच्याच्या कमरेवर नाहीतर पायांवर. तिथं ते बरोबर आहे. इथं त्याच उभं राहण्यात तू हनुवटी ताटात वाढून देतोस. नजर खाली असली की बाजूनं येणारा हुक दिसत नाही, आणि न दिसलेला ठोसाच पाडतो. दिसलेल्या ठोशाला मान आपोआप घट्ट होते, दात आवळले जातात, अंग थोडं मागं जातं. तुझी मान चांगली जाड असणार, तिचा फायदा आहे, घट्ट मान डोकं कमी फिरू देते, पण मान घट्ट व्हायला आधी ठोसा दिसावा लागतो.

म्हणून परत सुरू करशील तेव्हा आधी नजर बदल. समोरच्याच्या छातीच्या वरच्या भागावर, गळ्याखाली बघायचं, तिथून खांदे आणि कंबर दोन्ही दिसतात. हनुवटी आत, जणू गळ्याशी लिंबू धरलाय. दात मिटलेले, तोंड उघडं ठेवून श्वास घेऊ नको. जॅब मारून हात परत आणताना तो कमरेकडून येतो का गालाकडं येतो, ते बघायला तेव्हा तो नॉकआऊटचा व्हिडिओ उघड. माझा अंदाज आहे की तुला हुक बसला तेव्हा तू नुकताच ठोसा मारून हात खाली सोडला होतास, किंवा सरळ रेषेत मागं जात होतास. मारून झालं की तिथंच उभं राहायचं नाही, एक पाऊल बाजूला. हे रोज पंधरा मिनिटं आरशासमोर, हळू, कुणीही मारत नसताना. आणि दमलास की राऊंड थांबव, दमल्यावर हात पहिले खाली येतात.

वजनाचं पण इथंच सांगतो. प्लास्टिकचा सूट घालून, पाणी तोडून वजन उतरवायचं आणि त्याच आठवड्यात स्पारिंग करायचं, हे मी माझ्या पोरांना करू देत नाही. अंगातलं पाणी गेल्यावर पाय जड, नजर मंद, डोकं दुखतंच, मग ते पाण्यानं दुखतंय का माराचं दुखतंय हे कुणाला कळणार? तीन किलो उतरवायचे तर दोन महिने आधीपासून ताटातून उतरव.

स्पारिंग किती आणि कसं, यावर सरांशी बोल. त्यांच्यावर राग धरू नको, बऱ्याच जणांना कुणी हे शिकवलेलंच नसतं. त्यांना सांग, दादा म्हणाले आठवड्यात एकदाच डोक्याचं स्पारिंग, तेही हात लावल्यासारखं, आणि जोराचं स्पारिंग स्पर्धेच्या आधी मोजून दोन-तीनदा, आपल्या वजनाच्या माणसाबरोबर. बाकी दिवस बॉडी, नुसता जॅब विरुद्ध जॅब, किंवा एकानं फक्त मारायचं दुसऱ्यानं फक्त चुकवायचं, यात शिकायला जास्त मिळतं. आपल्याकडं मुश्किल काय होतं, बाजूला दहा पोरं मोबाईल धरून उभी, "हाण भावा" चाललेलं, मग दोघांपैकी एकाचा हात जड होतो, दुसऱ्याचा त्याहून जड, आणि मंगळवारच्या साध्या सरावाचं खासबागचं कुस्तीमैदान होतं. ज्यानं तुला पाडलं त्याच्याशी पण बोल, शांतपणे. मी तर म्हणतो जिममध्ये असा नियमच लावा की कुणी खाली गेला की त्या दिवसाचं स्पारिंग सगळ्यांचंच बंद.

आणि तू पडलास तेव्हा पोरांनी जे केलं त्याबद्दल. पाणी मारलं, उठवून बसवलं, राऊंड पूर्ण करू दिला, बाईकवर एकटा सोडला. प्रेमानंच केलं असणार, पण पुढच्या वेळी कुणी पडला तर असं करू नका. पडलेल्याला ओढून उठवायचं नाही, मानेला लागलंय का माहीत नसतं. गालावर चापट्या नाही, कांदा-चप्पल हुंगवणं नाही, शुद्धीवर येईपर्यंत तोंडात पाणी नाही. श्वास बघायचा, माउथगार्ड घशाकडं अडकला असेल तर तेवढा हळूच काढायचा, उलटी येत असेल तर डोकं-मान-अंग एकत्र धरून कुशीवर वळवायचं. हात ताठ वर झालेले दिसले तर समजायचं मार मोठा आहे. लगेच शुद्धीवर नाही आला किंवा फिट आली तर 108. शुद्धीवर आला की विचारायचं, आज वार कुठला, कुणाबरोबर खेळत होतास, कितवा राऊंड. उत्तर बरोबर आलं तरी त्या दिवशी परत ग्लोव्ह्ज नाहीत, आणि घरी कुणीतरी सोडायला जायचं, घरच्या माणसाला तोंडानं सांगून यायचं.

ते तुझ्या बाबतीत झालं नाही, म्हणून आता तूच सांग. रात्री झोपेत काही बिघडलं तर शेजारच्या खोलीत झोपलेल्या आईला माहीत पाहिजे की शनिवारी काय झालं होतं, नाहीतर ती समजेल पोरगं शिफ्ट करून दमलंय, झोपू दे. ती ओरडेल, किकबॉक्सिंग बंद कर म्हणेल, दोन दिवस बोलणार नाही. चालेल. आज जेवण झालं की सांग, वरची लक्षणं तिला वाचून दाखव, आणि बाईकची चावी महिनाभरासाठी तिच्याकडं दे.